स्काईप गेलं, आता आईला कॉम्प्युटरवरून फोन कसा लावायचा?



२०२५ च्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत आम्हाला निदान सात-आठ जणांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, स्काईप बंद झालं, आता आईकडच्या कॉम्प्युटरवर काय घालायचं?" आम्ही म्हणजे मंडळातले ते तिघे, ज्यांच्याकडे लोक दर कार्यक्रमाला बिघडलेला लॅपटॉप घेऊन येतात. आमच्यापैकी कॉम्प्युटर शिकलेलं कुणीच नाही. एक सिव्हिल इंजिनियर, एक औषधाच्या कंपनीत, आणि तिसरी शाळेत गणित शिकवते. पण दुसऱ्यांचे कॉम्प्युटर बघून बघून थोडंफार कळायला लागलंय, ते एकदा लिहूनच काढावं असं ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांच्या खिशात फोन आहे, फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग कॉम्प्युटर कशाला? आम्हालाही तसंच वाटायचं. पण बाबांनी फोन हातात धरला की आपल्याला दिसतो तो छताचा पंखा आणि त्यांचं अर्धं कपाळ. हात थरथरतो, बोट भलतीकडे लागतं, फोन कट होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजीला एवढ्याशा पडद्यावर नातू ओळखू येत नाही. कॉम्प्युटर मात्र टेबलावर स्थिर असतो, पडदा मोठा असतो आणि दोघांना शेजारी खुर्च्या टाकून बसता येतं. ज्यांचे आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत त्यांना हे पटेल.

आमच्या एका मैत्रिणीची आई सांगलीला एकटी असते. दर शनिवारी संध्याकाळी केस विंचरून, चांगली साडी नेसून ती कॉम्प्युटरसमोर बसायची. मे २०२५ मध्ये एका शनिवारी नेहमीची निळी खिडकी उघडेना. आपल्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असं समजून ती गप्प बसली. लेकीला उगाच त्रास नको म्हणून "कॉम्प्युटर जरा बिघडलाय" एवढंच म्हणाली. लेक मोबाईलवर रोज दोन मिनिटं बोलत होतीच, तिलाही काही खटकलं नाही. असे पाच शनिवार गेले. ही गोष्ट कळल्यावर आम्ही हा लेख मनावर घेतला.

थोडा मागचा इतिहास. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर बोलण्याचं विकत मिळणारं पहिलं सॉफ्टवेअर व्होकलटेक नावाच्या इस्रायली कंपनीने १९९५ मध्ये आणलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. पण भारतात इंटरनेटवरून बोलायला रीतसर परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ ला. तोवर आपली सगळी भिस्त भारतीय किराणा दुकानातल्या कॉलिंग कार्डावर. नाण्याने खरवडायचं, लांबलचक नंबर फिरवायचा, आणि "आपल्याकडे तीन मिनिटं शिल्लक आहेत" म्हणणाऱ्या बाईवर चिडायचं. ऑगस्ट २००३ मध्ये स्काईप आलं. निक्लास झेनस्ट्रॉम स्वीडनचे, यानुस फ्रीस डेन्मार्कचे, आणि प्रत्यक्ष सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी एस्टोनियाची. २००५ मध्ये ते ईबेने घेतलं, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेआठ अब्ज डॉलरला घेतलं, आणि ५ मे २०२५ ला बंद केलं. जुनी खाती टीम्समध्ये वळवण्याची सोय दिली होती.

आता मुद्द्याकडे. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं यावर लोक तासभर वाद घालतात. आमच्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. खरी अडचण नेहमी पलीकडच्या टोकाला असते. आपण इथे नवा लॅपटॉप, महागडा हेडफोन घेऊन बसतो, आणि तिकडे दहा वर्षांच्या कॉम्प्युटरवर धूळ बसलेला माईक असतो. तेव्हा पैसा आणि डोकं दोन्ही तिकडे खर्च करा.

तरीही सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकू. यात दोन जाती आहेत. एक घंटा वाजवणारी आणि दुसरी भेटीच्या जागेची. व्हॉट्सअ‍ॅप पहिल्या जातीचं. त्याचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर मार्च २०२१ पासून फोनही लावू देतं. आईच्या कॉम्प्युटरवर ते उतरवायचं, तिच्या फोनमधल्या "लिंक्ड डिव्हायसेस"मध्ये जाऊन पडद्यावरच्या चौकोनी कोडावर फोन धरायचा, झालं. इथून आपण लावलं की तिकडे कॉम्प्युटर वाजतो. अट एकच, आणि ती फार जणांना माहीत नसते. मूळ फोन चौदा दिवसांहून जास्त वापरलाच नाही तर कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बाहेर पडतं. ज्यांच्या आईचा फोन कपाटात साड्यांखाली ठेवलेला असतो त्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्या जातीत गुगल मीट, झूम वगैरे. तिथे घंटा अशी वाजत नाही. ठरलेल्या वेळी दोघांनी एका ठरलेल्या जागी यायचं, गावच्या पारासारखं. गुगल कॅलेंडरमध्ये दर शनिवारची भेट नोंदवली की तिला एकच दुवा मिळतो. आईकडच्या पडद्यावर त्या दुव्याचं चिन्ह करून ठेवायचं आणि त्याला नाव द्यायचं "मंजू" किंवा घरात जे काही हाक मारायचं नाव असेल ते. चिन्हावर दोनदा टिचकी मारली की लेक समोर, बाकी काही शिकायला नको. तिकडच्या कॉम्प्युटरवर आईचं गुगल खातं आधीच उघडून ठेवा, म्हणजे पासवर्ड विचारणार नाही. मीटवर दोघांनाच बोलायचं असेल तर वेळेची अडचण नाही. तिसरा आला की फुकटात एक तास. झूमवर फुकटात चाळीस मिनिटं, मग दोघेच असा की दहा. टीम्सची मांडणी मुळात कचेरीसाठी आहे. नोकरीत ते रोज वापरणाऱ्यांना सोपं जातं, आजी-आजोबांना आम्ही सहसा सुचवत नाही. आमच्या सांगलीच्या काकूंना आम्ही मीटचं चिन्ह करून दिलं आणि जोडीला व्हॉट्सअ‍ॅपही ठेवलं. एक बंद पडलं तर दुसरं असावं.

ज्यांचे भाऊबंद दुबई-अबुधाबीकडे आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून फोन करायला फक्त तिथल्या सरकारने मान्य केलेली सॉफ्टवेअर चालतात. तिकडच्या माणसाचं व्हॉट्सअ‍ॅप लागत नसेल तर त्याच्या कॉम्प्युटरला दोष देऊ नका. तिकडे काय चालतं ते त्यालाच विचारा आणि तेच आपण घ्या.

आता आवाजाचं. आमचा अनुभव असा की चित्र जरा धूसर असलं तरी माणसं तासभर बोलतात, पण आवाज तुटायला लागला की दोन मिनिटांत "बरं, ठेवते" येतं. म्हणून आवाज कसा जातो ते थोडं समजून घेऊ. आपण बोलतो त्याचे कॉम्प्युटर बारीक बारीक तुकडे करतो. एक तुकडा साधारण वीस मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून तो टपालासारखा रवाना होतो. ई-मेलचा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवता येतो, थोडा उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. बोलण्यात तेवढी उसंत नसते. हरवलेल्या तुकड्याच्या जागी कॉम्प्युटर अंदाजाने ठिगळ लावतो. एखाद-दुसरं ठिगळ कानाला कळत नाही, पण खूप झाली की आवाज यंत्रमानवासारखा होतो. तेव्हा आवाज तसा झाला तर माईक बदलत बसू नका, नेट बघा.

यात एक फायद्याची गोष्टही आहे. जुना टेलिफोन आवाजातला फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पाठवायचा. "स" आणि "फ" यांतला फरक बराचसा त्याच्या वरच्या पट्टीत असतो, म्हणून फोनवर "सासरे" की "फाफरे" असा घोळ व्हायचा. इंटरनेटवरचा आवाज त्याहून पुष्कळ मोठा पट्टा नेतो. ऐकायला कमी येणाऱ्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो. आमच्यातल्या एकाचे वडील फोनवर नुसतं "हं हं" करायचे, कॉम्प्युटरवर हेडफोन लावल्यावर वाद घालायला लागले. ते इतके बोलू शकतात हे आम्ही विसरलोच होतो.

हेडफोन हवाच, आणि तो तिकडे हवा. कारण सांगतो. आपला आवाज तिकडच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिथल्याच माईकमध्ये शिरतो आणि आपल्याकडे परत येतो. म्हणजे तुम्हाला तुमचाच आवाज पुन्हा ऐकू येत असेल तर दोष तुमच्याकडे नसून पलीकडे आहे. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, स्वतःच्या कॉम्प्युटरशी खटपट करत बसतात. सॉफ्टवेअर हा प्रतिध्वनी बराचसा पुसून टाकतं, पण स्पीकर मोठ्याने लावून माईक त्याच्या शेजारीच ठेवला असेल तर त्याचंही काही चालत नाही. हेडफोन नकोच म्हणत असतील तर निदान स्पीकर माईकपासून दूर सरकवायला सांगा आणि आवाज थोडा कमी करा.

हेडफोन विकत घेताना पिनेची गंमत होते. जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला दोन भोकं असतात, हिरवं ऐकायचं आणि गुलाबी माईकचं. लॅपटॉपला बहुधा एकच भोक, त्याला तीन काळ्या रेघांची पिन लागते. एकाची पिन दुसऱ्यात घातली की ऐकू येतं, पण बोललेलं जात नाही. मग तिकडून आई ओठ हलवताना दिसते आणि आपण इथून "आई, आवाज येत नाही" ओरडतो. या भानगडीत पडूच नका, यूएसबीचा हेडफोन घ्या. तो कुठल्याही कॉम्प्युटरला लागतो आणि पिन उलटीसुलटी घातली तर आत जातच नाही. घ्यायचा तो हलका, कानावर नुसता टेकणारा घ्या. घट्ट हेडफोन चष्म्याच्या काड्या दाबतो, आणि मग तो खुंटीला लागतो तो कायमचाच.

सगळं जोडूनही माईक मुका राहिला तर विंडोजच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हसी"खाली "मायक्रोफोन" बघा. तिथे परवानगीचं बटण बंद असतं, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्यांत कॉम्प्युटर वेबकॅमचा माईक वापरत असतो आणि आपण हेडफोनच्या माईकमध्ये बोलत असतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नाव बघून माईक निवडा. आणखी एक, तिकडचा कॉम्प्युटर विंडोज १० वर असेल तर त्याचा नेहमीचा फुकट आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढच्या भारतवारीत तेवढं बघून या.

नेटबद्दल. भारतात आता गावोगावी फायबर आलंय, वेग पुरेसा असतो. अडचण घरातल्या घरात होते. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि मध्ये जुन्या वाड्याची दीड फुटी भिंत. शक्य असेल तर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर ओढून घ्या. वायरमनला एकदाच पैसे द्यावे लागतात, त्रास कायमचा मिटतो. आणि हो, इन्व्हर्टर! वीज गेली तर चालू राहावा म्हणून कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घेतलेला असतो, पण राउटर आणि फायबरची छोटी पेटी साध्या प्लगवर राहते. मग वीज गेली की कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. आईला वाटतं लेकीने मध्येच फोन ठेवला. त्या दोन्ही पेट्यांना वीज फारच थोडी लागते, त्याही इन्व्हर्टरवर घालून घ्या.

सगळं नीट असूनही एक गोष्ट मात्र आपल्या हातात नाही, ती म्हणजे अंतर. न्यूयॉर्क ते मुंबई सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या प्रवासालाच साठहून जास्त मिलिसेकंद. प्रत्यक्षात वाट वळणावळणाची असते, शिवाय दोन्हीकडच्या कॉम्प्युटरना तुकडे करायला आणि जोडायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मते एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोलण्यात फारसा जाणवत नाही. त्याच्या पुढे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, आणि "बोल बोल, तू बोल" सुरू होतं. इथल्या पूर्व किनाऱ्यावरून मुंबईला जाणाऱ्या बऱ्याच केबल युरोपवरून तांबड्या समुद्रातून जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तिथल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातलं नेट मंदावलं होतं. अशा दिवसांत सरळ चित्र बंद करायचं आणि नुसतं बोलायचं. एकाचं वाक्य पुरं झालं की क्षणभर थांबून दुसऱ्याने बोलायचं. हे आईवडिलांनाही सांगा, नाहीतर आपण उत्तर द्यायला वेळ घेतोय म्हणजे काहीतरी लपवतोय असं त्यांना वाटतं. (आमच्यापैकी एकीच्या आईला खरंच तसं वाटत होतं.)

कॉम्प्युटरवरून साध्या लँडलाइनला फोन लावणं हे वेगळं प्रकरण. स्काईप गेल्यावर सगळ्यात जास्त अडलं ते यात. शेजारच्या काकांकडे, फॅमिली डॉक्टरकडे किंवा सोसायटीच्या ऑफिसात अजून लँडलाइन असते. अमेरिकेत राहणाऱ्यांना गुगल व्हॉइस घेता येतं. त्यात थोडे पैसे भरून ठेवले की ब्राउझरमधूनच भारतातल्या नंबरला फोन लागतो. दर तिथेच दिलेला असतो, तो बघून घ्या. नंबर फिरवताना +९१ नंतर गावाच्या कोडमधलं सुरुवातीचं शून्य काढायचं. पुणे २०, मुंबई २२, सांगली २३३. मात्र गुगल व्हॉइसच्या साध्या खात्यावरून इथला ९११ लागत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर घरातला दुसरा फोन काढून टाकू नका. आणि भारतातला ११२ हा नंबर तिथूनच लावायचा असतो. म्हणून आईच्या शेजाऱ्यांचा, डॉक्टरचा आणि जवळच्या पोलीस चौकीचा पूर्ण नंबर इथे फ्रिजवर लावून ठेवा. उलट, आई पुण्यातल्या कॉम्प्युटरवरून मावशीच्या लँडलाइनला फोन लावू शकेल का? भारतात त्यावर पहिल्यापासून बंधनं आहेत. स्काईपनेही नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतातल्या भारतात फोनला लागणारे कॉल बंद केले होते. तिने मावशीला आपला साधा मोबाईल लावावा हेच सोपं.

आता जरा कडू गोष्ट. आपण आईवडिलांना पडद्यावरच्या घंटेला उत्तर द्यायला शिकवतो, आणि तीच घंटा चोरही वाजवतात. २०२४ मध्ये भारतात "डिजिटल अरेस्ट"च्या फसवणुकीने धुमाकूळ घातला. पोलिसाच्या वेषातला माणूस व्हिडिओवर येतो, तुमच्या नावाने ड्रग्जचं पार्सल सापडलंय म्हणतो, तासन्‌तास पडद्यासमोरून हलू देत नाही आणि बँकेतले पैसे वळते करायला लावतो. कायद्यात असली अटक नाहीच. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्येही हेच सांगितलं. पण घाबरलेल्या माणसाला हे तेव्हा आठवत नाही. म्हणून आम्ही तीन गोष्टी करतो. अनोळखी नावाची घंटा वाजली तर उचलायचीच नाही. फसल्याचा संशय आला तर लगेच १९३० ला फोन करायचा, हा भारत सरकारचा सायबर गुन्ह्यांचा नंबर, तो कॉम्प्युटरच्या कडेला मोठ्या अक्षरात चिकटवलेला असतो. आणि घरातला एक खुणेचा शब्द ठरवायचा, लहानपणच्या कुत्र्याचं नाव, जुन्या गिरणीवाल्याचं नाव, काहीही. "आई, मी अडचणीत आहे, पैसे पाठव" असं आपल्यासारख्याच आवाजात कुणी म्हणालं तर आईने आधी तो शब्द विचारायचा.

याला जोडूनच. विंडोजमध्ये "क्विक असिस्ट" असतं. आपण इथून कोड द्यायचा, तिकडे त्यांनी तो घालायचा, की त्यांचा पडदा आपल्याला दिसतो आणि परवानगी दिली तर आपण चालवूही शकतो. हजारो मैलांवरून "आई, डावीकडे वर बघ, नाही, डावीकडे" करण्यापेक्षा हे हजारपटीने बरं. पण अशीच साधनं भामटेही वापरतात. नियम करा की फोन आधी आपण करणार, आणि आपल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून ते उघडायचं नाही, मग तो बँकेचा माणूस म्हणवत असो की कॉम्प्युटर कंपनीचा.

शेवटी वेळेचं, कारण दर मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये गोंधळ होतो. भारतातलं घड्याळ हलत नाही, आपलं हलतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत इथल्या पूर्व किनाऱ्यापासून भारत साडेनऊ तास पुढे असतो, बाकी दिवस साडेदहा तास. आपली शनिवार सकाळची आठची वेळ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळी साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. तेव्हा नोव्हेंबरमध्ये आईला आधी सांगा, नाहीतर ती बिचारी तासभर साडी नेसून बसते. सांगलीच्या काकूंनी तर आम्हालाच बजावलंय की साडेसातच्या आत आटपा, नंतर त्यांची मालिका असते.

आमचं मदतीचं टेबल पुढच्या कार्यक्रमालाही हॉलच्या मागच्या दाराशी असेल. येताना चार्जर आणि आईवडिलांचा गुगल पासवर्ड दोन्ही घेऊन या. मागच्या वेळी तिघांकडे पहिला नव्हता आणि सगळ्यांकडेच दुसरा नव्हता.